बंद डब्यातली फेलोशिप

मला सरकारी फेलोशिप मिळाली आणि त्याचा पहिला फटका माझ्या आत्याच्या प्रेशर कुकरला बसला.

एवढ्यावरून ज्यांना काही कळलं नसेल त्यांनी मनाला लावून घेऊ नये. फेलोशिप मिळाली तेव्हा मलाही फारसं कळलं नव्हतं. मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. आयुष्यात दोनच वाक्यं मी मनापासून बोलत आलो. कॉलेजात 'शांतता राखा' आणि घरी 'बरं, आणतो'. पन्नाशी उलटेपर्यंत दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळली, आता एक आपलंही असावं, म्हणून मी अर्ज केला. लेखकांना, कलावंतांना सरकार देतं ती ही फेलोशिप. दोन वर्षं एकाच कामाला वाहून घ्यायचं आणि शेवटी ते काम पूर्ण करून दाखवायचं. (यातला शेवटचा भाग मी अर्ज भरताना जरा भरभर वाचला होता!)

बातमी पेपरात आली आणि कॉलनीनं सत्कार ठेवला. कॉलनीचे अध्यक्ष वानखडेकाका शाल घेऊन उभे. शाल घालण्याआधी त्यांनी सहज विचारलं,

"परमोशन झालं का सुधाकरराव?"

"नाही हो."

"मंग बदली?"

"नाही. फेलोशिप मिळाली. भुलाबाईची गाणी गोळा करून पुस्तक करायचं."

काकांचा हात हवेतच थांबला. "गाणे गोळा कऱ्याले सरकार पैसे देते? अन् आपल्या नालीसाठी दोन वर्षांपासून नाही म्हनून राह्यलं!"

पण शाल आणून झाली होती. ती त्यांनी माझ्या खांद्यावर अशी आपटली, जणू ते नालीचं गटार मीच अडवून बसलो होतो.

घरी वंदना, म्हणजे आमची ही, म्हणाली, "पुस्तक लिवान तुमी? आजवर एक तं पूर्ण वाचलं नाही!"

"ग्रंथपालाला वाचायला वेळ कुठे असतो?" मी म्हणालो. पण मनात पक्कं ठरवलं. हे पुस्तक होणार म्हणजे होणार! आमच्या घराण्यात जिद्द भरपूर आहे. अक्कल जरा मागाहून येते, पण तोवर जिद्दीनं भागतं.

आता भुलाबाई. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. भाद्रपदाच्या पौर्णिमेला आमच्याकडे मातीची भुलाबाई आणि तिचे यजमान भुलोजी ज्वारीच्या धांड्यांच्या, म्हणजे ताटांच्या, मखरात बसतात, ते कोजागिरीपर्यंत. रोज संध्याकाळी आळीतल्या बाया-पोरी जमतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखतात. खाऊ बंद डब्यात असतो. डबा कानाशी धरायचा, हलवायचा आणि आवाजावरून सांगायचं. नाही सांगता आलं तर 'हरलो' म्हणायचं, मगच झाकण निघतं. त्याआधी कोणी डब्यात डोकावायचं नाही. घरच्या माणसानंही नाही.

या खेळातली अजिंक्य योद्धा म्हणजे माझी कुसुमआत्या. अकोल्याच्या जुन्या शहरात राहते, सत्तरी कधीच ओलांडली आहे, आणि तिचा खाऊ कोणी ओळखल्याचं जिवंत माणसांच्या स्मरणात नाही. ती लाडू कापसात गुंडाळून ठेवते. चिवड्यात मुद्दाम दोन चिंचोके टाकते. वर तिच्या घरचा नियम असा, की अंदाज चुकला की चुकणारीनं एक गाणं म्हणायचं. त्यामुळे तिच्याकडे गाणी कधी संपत नाहीत. ती सगळी गाणी तिला पाठ. एकच सोडून.

ते जोडव्याचं गाणं. भुलाबाई नदीवर जाते, पायातलं जोडवं हरवतं, आणि ती घागर कडेवर घेऊन गावभर दारोदार विचारत फिरते. लांबलचक गाणं. आत्या कुंभारणीच्या दारी जाते, सुतारणीच्या दारी जाते, तेलिणीच्या दारात पोचते, आणि तिथेच अडते.

"पुढचं तुही माय उचले ना बापू," आत्या म्हणायची. "मी तेलिनीपावतर, मंग थे. आता थे गेली तं जोडवं कुठी सापडलं कोनाले माहीत!"

माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्याबरोबर गाण्याचा उरलेला भागही गेला. लहानपणी मी तो नक्की ऐकला असणार, पण आईच्या मांडीवर झोपून. फेलोशिपच्या अर्जात मी मोठ्या ऐटीत लिहून दिलं होतं, की हे गाणं मी पूर्ण मिळवीन. कारणं बरीच लिहिली होती. खरं कारण एवढंच, की ते जोडवं कुठे सापडलं ते मला हवं होतं.

तर पहिल्या वर्षीच्या भाद्रपदात मी अकोल्याला जाऊन धडकलो. सोबत नवाकोरा रेकॉर्डर आणि ग्रंथालयातून आणलेला 'शांतता राखा'चा बोर्ड. बोर्ड भुलाबाईच्या मखराशेजारी टांगला आणि मोहीम सुरू केली.

आधी पंखा बंद. (अकोल्यात! भादव्यात!) मग भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. मोबाइल बंद करून बाहेर ओसरीवर एका परातीत जमा करायचे, असा फतवा काढला. टिपऱ्यांना फडकी बांधली. मग मी बायांच्या बांगड्यांकडे वळलो.

"बांगड्या काढाच्या?" आत्या उसळली. "काऊन? कोनी मेलं का घरात?"

"आत्या, किणकिण येते रेकॉर्डिंगमध्ये."

"मंग येऊ दे ना! बाईच्या हातात बांगड्या नाही तं काय बेड्या वाजन?"

शेवटी बांगड्यांना रुमाल गुंडाळण्यावर तडजोड झाली. सगळ्या बाया हात मोडल्यासारख्या दिसू लागल्या. शेवटी राहिला कुकर. ऐन गाण्याच्या वेळेला त्याची शिट्टी. मी कुकरवर बंदी घातली. महिनाभर त्या घरात वरण पातेल्यात शिजलं, म्हणजे शिजलं नाही.

एवढी तयारी झाल्यावर मी बोटानं खूण केली. "हं, म्हणा."

कोणी म्हणेना. दहा-बारा बाया, घाम पुसत, माझ्या बोटाकडे पाहत बसलेल्या. शेजारच्या शांताबाई हळूच म्हणाल्या, "मले तं परीक्षेले बसल्यासारखं वाटून राह्यलं वो."

आत्यानं सुरुवात केली, पण ती कुंभारणीच्या दारातच अडखळली. "सुध्या, असं नाही आठवत बाप्पा. एवढं चुपचाप तं लोकं मयतीतही नसते!"

तरी मी महिनाभर चिकाटी सोडली नाही. स्वच्छ, नितळ, डाग नसलेली ध्वनिमुद्रणं तयार केली आणि समितीला पाठवली. उत्तर आलं. ध्वनिमुद्रणं स्वच्छ आहेत, पण निर्जीव वाटतात. मुख्य गाणं अपूर्ण आहे. पुढच्या भुलाबाईत समितीच्या सदस्या पुण्याहून स्वतः येतील, सुधारलेलं काम ऐकतील, आणि फेलोशिप पुढे चालू ठेवायची की थांबवायची ते ठरवतील.

मी पत्र वंदनाला वाचून दाखवलं. "बघ, आवाज अजून स्वच्छ हवा म्हणतात."

"असं कुठी म्हटलं त्यायनं? निर्जीव म्हनून राह्यले थे!"

"तेच ते. तांत्रिक भाषा असते."

वंदनानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि काही न बोलता भाजी निवडायला घेतली. (लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको काही बोलत नाही, याचा अर्थ तिला पटलं असा घेणारा मी एकटाच असेन.)

दुसऱ्या भाद्रपदात मी आणखी कडक झालो. खिडक्यांना गोधड्या लावल्या. शांताबाईंच्या शेळीला गाण्याच्या वेळी चरायला घालायचं कामही माझ्याकडे घेतलं, म्हणजे ती ओरडणार नाही. त्यामुळे रेकॉर्डरपाशी मी नसायचो, पण शांतता अप्रतिम होती! नवी ध्वनिमुद्रणं सगळी त्या रेकॉर्डरमध्ये. आणि तेलिणीच्या दारातलं कुलूप तसंच.

मॅडम यायच्या त्या दिवशी सकाळी पाहतो तर आत्या रेकॉर्डर ओल्या फडक्यानं पुसून राहिलेली!

"अगं अगं अगं! काय करतेस?"

"मॅडमबाई येनार ना? तुहं यंत्र किती कळकट दिसते!"

मी तो हिसकावून घेतला. आता हा संध्याकाळपर्यंत कुठे ठेवावा, जिथे आत्याचा हात पोचणार नाही? आणि मला एक कल्पना सुचली. अशी कल्पना फक्त भुलाबाईवर दोन वर्षं अभ्यास केलेल्या माणसालाच सुचू शकते. आत्याच्या लग्नात आलेले दोन जुळे पितळी डबे स्वयंपाकघरातल्या फळीवर असत. एकात रोज खाऊ जायचा, दुसरा रिकामा. या महिन्यात त्या घरात बंद डब्याला कोणी उघडायला हात लावत नाही. बँकेच्या लॉकरचंही एवढं पावित्र्य कोणी पाळत नसेल! मी रेकॉर्डर रुमालात बांधला, रिकाम्या डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि स्वतःवर खूश होऊन मॅडमना आणायला स्टेशनवर गेलो.

मॅडम साठीच्या, काटक, चष्मा दोरीला बांधलेला. परतीची गाडी त्याच रात्रीची होती. रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "हे बघा, मी मोकळेपणानं सांगते. अहवाल माझा मीच लिहिणार आहे आणि आत्तापर्यंत तो तुमच्या बाजूनं नाही."

घरी पोचलो तर बाया जमलेल्या, अमरावतीहून वंदनाही आलेली. हातांना रुमाल, टिपऱ्यांना फडकी, खिडक्यांना गोधड्या. परातीत मोबाइल. मॅडमनी आपलाही मुकाट्यानं परातीत टाकला आणि आत आल्या. त्यांची नजर मखराशेजारच्या बोर्डावर गेली.

"हा बोर्ड कशासाठी?"

"आमच्या सुध्याचा हाय," आत्या म्हणाली. "भुलाबाईनं गडबड करू नाही म्हनून."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मला ते वाचता आलं नाही, पण छोटं होतं आणि त्याखाली रेघ होती.

मी घाईनं म्हणालो, "मॅडम, आधी ध्वनिमुद्रणं ऐकू या. मी रेकॉर्डर आणतो."

"आनशीन, आनशीन. पाहुनी बाई घरात आली, आधी खाऊ ओळखन," आत्यानं फर्मावलं. "वंदना, डबा आन वो फळीवरचा!"

वंदना आत जाऊन डबा घेऊन आली. तिच्या पाठोपाठ मी आत. फळीवर एक डबा उरलेला. मी तो खाली घेतला, झाकण काढलं, आत हात घातला.

हाताला गुळपापडी लागली.

मऊसूत फडक्यात गुंडाळलेली, आवाजाचं नाव नाही अशी, आत्याची खास गुळपापडी! म्हणजे माझा रेकॉर्डर... बाहेरून आवाज आला, "खट्! खट्! खट्!" घाबरलेला माणूस काय करील ते त्याच्या हातात नसतं. माझ्या हातात गुळपापडी होती. मी ती खाल्ली.

बाहेर आलो तेव्हा मॅडम डबा कानाशी धरून दोन्ही हातांनी घुसळत होत्या. माझं वर्षभराचं काम आत भिंतींवर आपटत होतं.

"मॅडम! हळू! हळू!" मी ओरडलो.

"सुध्या!" आत्या गरजली. "इशारे करून राह्यला का? गुमान बस!"

पण आत्याचा चेहरा मी पाहिला. तिच्या गुळपापडीचा आवाज यायलाच नको होता आणि डबा तर सुताराच्या दुकानासारखा वाजत होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपलाच खाऊ ओळखू येत नव्हता! तरी तिची मान ताठ. मॅडमच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, "बोला मॅडमबाई! नाही तं हरली म्हना."

"हरले?" मॅडमनी पदर खोचला. "अहो, आमच्याकडे भोंडल्याला खिरापत ओळखतात. मी लहानपणापासून आजवर हरलेली नाही. शंकरपाळे!"

"चुकलं! म्हना गानं!"

आणि पुण्याच्या मॅडमनी खणखणीत आवाजात भोंडल्याचं गाणं म्हटलं. आमच्या बाया दोन क्षण ऐकत राहिल्या. मग शांताबाईंना राहवेना. पुण्याचं गाणं आपल्या घरात येऊन जिंकून जातं म्हणजे काय! त्यांनी हाताचा रुमाल सोडून फेकला आणि भुलाबाईचं गाणं सुरू केलं. पाठोपाठ सगळ्यांचे रुमाल उडाले. टिपऱ्यांची फडकी निघाली. कोणीतरी पंखा लावला. गोधडी खाली आली. बाहेर शेळी ओरडली, तिला चारणारा मी आत होतो!

"चिक्की!" मॅडम.

"चुकलं!"

"खारीक! बत्तासे! नाही, थांबा, कडक बुंदीचा लाडू!"

"चुकलं, चुकलं, चुकलं! तीन गाने झाले तुमच्याकडं!"

"मॅडम, हळू हलवा हो!" मी. "मॅडम, तुमची गाडी!"

"जाऊ दे गाडी!" मॅडम डबा थडथड वाजवत म्हणाल्या. "उद्या दुसरी असते. मी याशिवाय हलणार नाही."

मी आत्याजवळ सरकलो. "आत्या, उघड ना डबा. पाव्हण्या आहेत."

"तिले हरली म्हनू दे, मंग उघडतो."

मी मॅडमजवळ सरकलो. "मॅडम, म्हणून टाका ना हरले. म्हाताऱ्या बाईचा मान."

"आधी त्यांना विचारा, आत काय आहे ते त्यांना तरी ठाऊक आहे का!" मॅडमनी बरोबर हेरलं होतं. आत्या त्यावर अशी चवताळली, की तिनं आत हाक मारली,

"वंदना! कुकर लाव वो! पाव्हनी आता जेवूनच जाइन. सुध्याच्या यंत्राचं आज काही खरं नाही!"

आत्याचं म्हणणं खरंच होतं. घर नुसतं दुमदुमत होतं. एकीकडे पुणं, एकीकडे वऱ्हाड, मध्ये टिपऱ्या, बांगड्या, हसणं, टोमणे, आणि त्यावर पितळी डब्याचा ठेका. दोन वर्षं मी जे शोधत होतो ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि माझा रेकॉर्डर त्यातलं वाद्य झाला होता! मोबाइल घ्यावा म्हणून ओसरीवर धावलो. परात होती, पण सगळे मोबाइल बंद, माझा कुठला तेच सापडेना. एक काळा सुरू केला तर त्यावर शांताबाईंची शेळी दिसली.

तेवढ्यात आत आत्यानं जोडव्याचं गाणं धरलं.

मी परात सोडून आत आलो. कुंभारीण झाली, सुतारीण झाली. बाया टिपऱ्यांवर मागं म्हणत होत्या. तेलीण आली. आत्याचा आवाज थांबला. तिनं डोळे मिटले. सगळ्या बाया थांबल्या. आता 'पुढचं आठवत नाही' म्हणणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून कुकरनं अशी शिट्टी मारली, की भुलोजीसुद्धा दचकले असतील!

आणि आत्या सुटली.

तेलिणीचं दार मागं पडलं. सोनारीण आली, माळीण आली. दुसरी शिट्टी झाली, आत्या गावाबाहेर पोचली. आई जिथून उचलायची ते सगळं आत्याच्या तोंडून येत होतं, आईच्या लकबीसकट. शेवटी भुलाबाई दमून नदीवर परत येते, पाण्यासाठी घागर तिरपी करते, आणि घागरीच्या तळातून जोडवं घरंगळतं. गावभर जी कडेवर घेऊन हिंडली तिच्यातच!

बाया टाळ्या पिटत होत्या. आत्या डोळे पुसत होती. "बाई वो! कुकरवर आठवलं! तुही माय अन् मी सैपाक करता करताच म्हनत होतो ना रे सुध्या!"

मी रडत होतो. थोडा आईसाठी, आणि खोटं कशाला सांगू, बराचसा रेकॉर्डरसाठी. एवढं पूर्ण गाणं, एकदाच, आणि माझं यंत्र रुमालात! आता मात्र माझी जिद्द जागी झाली. मी मॅडमच्या हातातला डबा धरला.

"मी ओळखतो!"

"तू गडीमानूस!" आत्या.

"मी फेलो आहे!" हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या जोरात म्हणालो. "या डब्यात रेकॉर्डर आहे!"

क्षणभर शांतता पसरली. (दोन वर्षांत पहिल्यांदा, मी न सांगता!) मग बाया इतक्या हसल्या, की शांताबाईंना भिंतीला टेकावं लागलं. "यंत्र खाऊ घालून राह्यला वो हा आपल्याले!"

आत्यानं झाकण काढलं. रुमाल सुटून एका बाजूला पडला होता. मध्ये रेकॉर्डर. आणि त्यावरचा लाल दिवा चालू.

मॅडमनी चष्मा लावून पाहिलं. "अहो, हा तर रेकॉर्ड करतोय. पहिल्या हिसक्यालाच बटण दाबलं गेलेलं दिसतंय."

जोडवं घागरीतच होतं!

आत्याचं लक्ष मात्र दिव्याकडे नव्हतं. ती माझ्या मिशीकडे निरखून पाहत होती. "मॅडमबाई, यानं ओळखलं नाही. यानं पाह्यलं! थ्या दुसऱ्या डब्यात हात घातला यानं. मिशीले गुळपापडी पाहा!"

हात मिशीवर गेला. पुरावा भरपूर होता. भुलाबाईवर दोन वर्षं अभ्यास केलेला माणूस खाऊच्या डब्यात हात घालताना पकडला गेला! आत्यानं निकाल दिला. मॅडमबाई हरल्या नाहीत, आत्या हरली नाही, सुध्या हरला, आणि दंड म्हणून सुध्यानं गाणं म्हणायचं. मी म्हटलं. ते म्हणून होईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही, की लाल दिवा अजून चालूच होता.

मॅडमची गाडी अर्थातच गेली. त्या आत्याकडेच जेवल्या. (वरण उत्तम शिजलं होतं!) मग सगळ्यांच्या मध्ये बसून त्यांनी डब्यातलं ध्वनिमुद्रण लावलं. खटखटाट होता, शेळी होती, शिट्ट्या होत्या. पण जोडव्याच्या गाण्याच्या वेळी डबा मॅडमच्या मांडीवर स्थिर होता, त्यावर नुसता बोटांचा ठेका होता आणि आत्याचा आवाज पितळेतून असा घुमत होता, की वंदनानं माझा हात धरला.

मॅडम म्हणाल्या, "हे आहे जिवंत काम. मागचं तुमचं सगळं ऐकताना मला एखाद्या ग्रंथालयात बसल्यासारखं वाटत होतं."

वंदना पदराआड हसली. तिनं मी काय काम करतो ते मॅडमना सांगितलं नाही, हा तिचा मोठेपणा.

"फेलोशिप पुढे चालू राहील," मॅडम म्हणाल्या. "फक्त एक अडचण आहे. मध्ये मध्ये हा एक पुरुष 'हळू, हळू' म्हणून ओरडतोय. जोडव्याच्या गाण्याच्या शेवटी कोणीतरी मोठ्यानं हुंदके देतंय. हे काढता येईल का?"

"नाही येनार," आत्या म्हणाली. "मीनं त्याले लहानपनापासून काढाचा प्रयत्न केला."

आता पुस्तक लिहून होत आलंय. तो बोर्ड आत्यानं परत दिला नाही. मी दारातून आत आलो की ती तो मखराशेजारी टांगते आणि मी गेलो की काढून ठेवते. डब्यातलं ध्वनिमुद्रण समितीच्या संग्रहात जमा झालं आणि मागच्या आठवड्यात त्याची छापील नोंद घरी आली. वंदनानं ती आल्या-गेल्या प्रत्येकाला वाचून दाखवायचा नेम धरला आहे, तेव्हा तुम्हीही ऐका. 'जोडव्याचे गाणे, संपूर्ण. गायन: कुसुमआत्या आणि आळीतल्या स्त्रिया. ठेका: टिपऱ्या व पितळी डबा. साथ: प्रेशर कुकर. व्यत्यय: फेलो.'